हौशी कबड्डी लीगमध्ये उतरताय? डोपिंगचे नियम आधी समजून घ्या

सोयाबीन निघालं, हातात चार पैसे आले की मराठवाड्यात गावोगाव चषक स्पर्धांचे फलक लागतात. गावच्या मातीत चमकलेली पोरं मग तालुक्याला, तिथून जिल्हा संघटनेच्या लीगला आणि नशीब असेल तर राज्य स्पर्धेला जातात. हा लेख त्यांच्यासाठी आणि त्यांना घेऊन फिरणाऱ्या मंडळांसाठी आहे. मी आमच्या मंडळाच्या संघासोबत व्यवस्थापक म्हणून जातो. नमुना तपासणीच्या खोलीत पोराशेजारी बसलो आहे, औषधाच्या सवलतीचा फॉर्म भरून घेतला आहे. डोपिंगची, म्हणजे बंदी असलेल्या औषधांच्या वापराची, नियमावली इंग्रजीत असते आणि लांबलचक असते, त्यामुळे ती कुणी वाचत नाही. जिल्हा पातळीवरच्या खेळाडूला त्यातलं जे खरोखर लागतं, तेवढंच इथे देतो.

१. तुमची स्पर्धा कोणत्या नियमाखाली येते ते बघा

जगभराचे नियम वाडा ही जागतिक डोपिंग विरोधी संस्था ठरवते. ती १९९९ साली स्थापन झाली. भारतात ते नियम राबवण्याचं काम नाडा ही राष्ट्रीय संस्था करते आणि २०२२ च्या राष्ट्रीय डोपिंग विरोधी कायद्याचा तिला आधार आहे. तुमची लीग जिल्हा संघटनेमार्फत राज्य संघटनेला आणि पुढे राष्ट्रीय महासंघाला जोडलेली असेल, तर नोंदणीच्या फॉर्मवर सही केली की तुम्ही या नियमांत आलात. पैसे मिळत नाहीत, आम्ही हौशी आहोत, हे सांगून त्यातून सुटका होत नाही.

जत्रेतल्या किंवा गणेश मंडळाच्या बक्षीस स्पर्धेला नाडाचा माणूस सहसा येत नाही. तिथेच पोरं बेफिकीर होतात. पण जत्रेत घेतलेलं जत्रेत संपत नाही. नँड्रोलोन या स्टिरॉइडच्या इंजेक्शनचा माग लघवीत कित्येक महिने राहतो. दिवाळीत गावच्या चषकासाठी टोचून घेतलं आणि उन्हाळ्यात राज्य स्पर्धेत नमुना मागितला, तर उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे. नमुना स्पर्धेतच मागतात असंही नाही, सराव शिबिरात किंवा घरीही मागू शकतात.

खेलो इंडिया, राष्ट्रीय आणि विद्यापीठ स्पर्धांमध्ये तपासणी होतेच असं धरून चला. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली राज्य अॅथलेटिक्स स्पर्धेत नाडाचे अधिकारी आल्याची कुणकुण लागली आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उतरला. बाकीचे गायब. राज्य पातळीवर हे चालतं हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिलं. २०२३ मध्ये भारतातल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ सदोष निघाले. मोठ्या संख्येने तपासणी करणाऱ्या देशांत एवढं प्रमाण दुसऱ्या कुठल्याच देशाचं नव्हतं.

२. अंगात सापडलं की जबाबदारी तुमची

बाकी सगळे नियम याच्यावर उभे आहेत. औषध कुणी दिलं, का दिलं, तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, हे प्रश्न शिक्षा किती हे ठरवताना येतात. दोष ठरतो तो नमुन्यात काय सापडलं त्यावर.

‘कुणीतरी जेवणात कालवलं’ ही सबब तर फार महाग पडते. महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव यांचं म्हणणं नाडाच्या समितीने मान्य केलं होतं, पण २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ते फेटाळलं आणि चार वर्षांची बंदी घातली. लवादासमोर पुरावा लागतो, संशय पुरत नाही.

शिक्षेचा ढोबळ हिशेब असा: स्टिरॉइडसारख्या पदार्थासाठी चार वर्षं, औषधांतल्या बऱ्याच पदार्थांसाठी दोन वर्षं, आणि चूक खरोखर किरकोळ होती हे सिद्ध केलं तर त्याहून कमी. सोबत त्या स्पर्धेतला निकाल आणि पदक जातं. पदक गेलं की त्यावर उभं असलेलं प्रमाणपत्र गेलं, म्हणजे सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाचा अर्जही गेला. आपल्याकडे निम्मी पोरं त्या प्रमाणपत्रासाठीच खेळतात. ते चूक आहे असं मी म्हणत नाही, घरची शेती चार एकर असली की माणूस नोकरीकडे बघणारच. पण मग गमावण्यासारखं काय आहे ते नीट कळायला हवं.

बंदीच्या काळात संलग्न संघटनेची किंवा तिच्या सदस्य क्लबची कुठलीही स्पर्धा खेळता येत नाही. खेळाडू म्हणून नाही तर प्रशिक्षक म्हणून बसतो, हेही चालत नाही. नाव बदलून शेजारच्या जिल्ह्यात खेळणारे सापडतात, आणि सापडले की मूळ बंदीइतकीच आणखी बंदी मागे लागू शकते.

३. गोळीचं नाव सोडा, आतला घटक वाचा

प्रतिबंधित पदार्थांची यादी दरवर्षी १ जानेवारीला नव्याने लागू होते. तिचे दोन भाग लक्षात ठेवा. काही पदार्थ बाराही महिने बंद असतात, काही फक्त स्पर्धेच्या काळात. स्पर्धेचा काळ आदल्या रात्री ११:५९ ला सुरू होतो आणि सामना व नमुना संपेपर्यंत चालतो. मात्र गोळी आदल्या दुपारी घेतली आणि नमुन्यात दुसऱ्या दिवशी सापडली, तर ती स्पर्धेतच सापडली असं धरतात.

मेडिकलवाल्याला ‘खेळाडू आहे, चालेल का?’ असं विचारू नका. तो ‘चालतंय की’ म्हणणार. त्याला विकायचं आहे आणि ही यादी त्याने पाहिलेली नाही. पाकिटावर कंपनीचं नाव मोठं असतं, घटक बारीक अक्षरात असतात. ते मोबाईलवर फोटो काढून मोठे करून वाचा. नाडाच्या संकेतस्थळावर यादी आहे, ‘नो युअर मेडिसिन’ नावाचं अॅपही आहे. परदेशी संकेतस्थळावर भारतीय कंपनीचं नाव टाकाल तर काहीच सापडणार नाही. ‘सापडलं नाही’ म्हणजे ‘चालतं’ असं मुळीच समजू नका.

आपल्या भागात नेहमी पोटात जाणाऱ्या औषधांपैकी हे बघा:

खोकल्याचं औषध. सगळ्यात आधी यावरच बोट ठेवतो. बाटलीवर टर्ब्युटालीन असेल तर ती बाजूला ठेवा. पृथ्वी शॉला २०१९ मध्ये याच घटकाने आठ महिने बाहेर बसवलं. नमुना सय्यद मुश्ताक अली स्पर्धेतला होता आणि खोकल्याच्या औषधातून हे गेलं हे बीसीसीआयने मान्य केलं, तरी बंदी टळली नाही. तोंडाने घ्यायच्या लेव्होसाल्ब्युटामॉल आणि साल्ब्युटामॉलचंही तेच. आपल्याकडे खोकल्याच्या बऱ्याच बाटल्यांत या तिघांपैकी एक असतो.

सर्दीची गोळी. फिनाइलएफ्रिन चालतं. स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की दोष लागतो, म्हणून सामन्याच्या निदान एक दिवस आधी बंद करा. सेट्रिझिन, पॅरासिटामॉल यांना काही अडचण नाही.

अंगदुखी. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अॅसेक्लोफिनॅक चालतात. ट्रामाडॉल १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे. ते बऱ्याचदा पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत येतं आणि खांदा निखळलेल्या पोराला सर्रास लिहून दिलं जातं.

वजन उतरवायची गोळी. कुमार गटात वजनाची मर्यादा असते. दोन किलो जास्त भरलं की कुणीतरी लघवीची गोळी आणून देतो. त्यात फ्युरोसेमाइड असतं आणि ते बाराही महिने बंद आहे. पैलवान मंडळींनाही हे लागू. जुन्या खेळाडूंनी बीपीची गोळी तपासावी. नावापुढे ‘एच’ असेल तर आत बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, आणि ते याच गटातलं.

मुलींसाठी. पाळी पुढे ढकलायची नॉरएथिस्टेरॉनची गोळी प्रतिबंधित नाही, पण घेतली असेल तर नमुन्याच्या फॉर्मवर आवर्जून लिहा. चेहऱ्यावरच्या लव किंवा पुरळासाठी दिलेलं स्पायरोनोलॅक्टोन आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडून मिळणारं लेट्रोझोल मात्र दोन्ही बाराही महिने बंद. संघाचे सर हे विचारायला संकोचतात आणि मुली सांगायला. संघासोबत एक बाई हवीच, ते या कारणासाठीही.

४. सुई आणि सलाइन

नवख्या खेळाडूला सगळ्यात मोठा धोका इथे आहे असं माझं मत आहे. ताकद वाढवायच्या स्टिरॉइडपेक्षाही मोठा, कारण इथे आपण काही चुकीचं करतो आहोत असं कुणाला वाटतच नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी कणकण आली. पोरगा गावातल्या दवाखान्यात जातो. डॉक्टर एक सुई टोचतात, दोन तासांत पोरगा ताजातवाना. त्या सुईत पुष्कळदा डेक्सामेथासोन असतं, बोलीत ‘डेक्सा’. हे ग्लुकोकॉर्टिकॉइड, म्हणजे सूज उतरवणारं, वेगळ्या गटातलं स्टिरॉइड. २०२२ पासून स्पर्धेच्या काळात या गटाची सगळी इंजेक्शनं बंद आहेत, गोळ्या आधीपासूनच बंद होत्या. वाडाच्या मार्गदर्शनानुसार डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन स्नायूत टोचलं तर स्पर्धेच्या आधी पाच दिवस मोकळे हवेत. ट्रायमसिनोलोन स्नायूत टोचलं तर तब्बल ६० दिवस, आणि गुडघ्यात टोचलं तर १० दिवस. या गटाच्या नेहमीच्या गोळ्या, म्हणजे प्रेडनिसोलोन वगैरे, तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात. म्हणून डॉक्टरांना विचारायचं ते एवढंच: ‘डॉक्टरसाहेब, यात स्टिरॉइड आहे का? नाव कागदावर लिहून द्या.’ न लिहिता टोचत असतील तर उठून या.

आता सलाइन. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ च्या वर असतो. सामने रात्री दिव्यांच्या उजेडात होतात, पण पोरं दिवसभर उन्हात प्रवास करून आलेली असतात. कुणी म्हणतं, ‘थकवा आलाय, एक बाटली लावून घे.’ ती बाटली ५०० मिलीची. नियम सांगतो, १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त काहीही शिरेतून घ्यायचं नाही. आत नुसतं मीठपाणी किंवा जीवनसत्त्वं असली तरीही, आणि स्पर्धा नसली तरीही. सूट आहे ती रुग्णालयातल्या खऱ्या उपचारांना, शस्त्रक्रियेला आणि निदानाच्या तपासणीला. उष्माघाताने पोरगं कोसळलं तर नियमाचा विचार करत बसू नका, सरळ दवाखान्यात भरती करा. नंतर डिस्चार्ज कार्ड आणि बाटल्यांच्या नोंदीसह केसपेपरची प्रत मागून घ्या. दवाखान्याच्या बाकावर लावलेल्या ‘ताकदीच्या’ बाटलीला मात्र यातलं काहीच मिळत नाही.

दम्याच्या खेळाडूंनी आणखी एक पाहावं. साल्ब्युटामॉलचा पंप चालतो. २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅमच्या आत राहायचं. पण दवाखान्यात वाफेच्या यंत्रातून देतात त्या एका छोट्या नळीतच २.५ मिलीग्रॅम, म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम औषध असतं. एका वाफेत मर्यादा ओलांडली. जीव गुदमरत असेल तर वाफ घ्यायचीच, पण त्याचा कागद हवा.

पोलीस भरतीच्या मैदानावर ‘धावताना दम लागत नाही’ म्हणून जी सुई फिरते, तिच्यात अनेकदा मेफेंटरमाइन असतं. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब खाली गेला तर तो वर आणायचं हे औषध आहे. यादीत ते उत्तेजक म्हणून आहे, पण यादी राहू द्या, हृदयाची लय बिघडवणारं औषध पाच किलोमीटर धावणाऱ्याच्या अंगात भरायचं हा निव्वळ वेडेपणा आहे. भरतीची आणि लीगची पोरं एकच असतात, म्हणून इथे लिहितो.

५. जडीबुटी, भांग आणि जिमचे डबे

‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ या वाक्यावर आपली फार श्रद्धा. आयुर्वेदाशी माझं भांडण नाही, पण यादीला झाडपाला आणि गोळी यांतला फरक कळत नाही. कुचला म्हणजे स्ट्रिक्नीन, आणि स्ट्रिक्नीन उत्तेजकांच्या यादीत आहे. अग्नितुंडी वटीसारख्या पोटाच्या साध्या गोळीतही शुद्ध कुचला असतो. दम्याच्या काही चूर्णांत सोमलता असते, तिच्यात एफेड्रिन. अहिफेन हा शब्द दिसला की ती अफू, म्हणजे मॉर्फिन. आणि जत्रेत तंबू ठोकून बसलेल्या वैदूच्या पुडीत काय आहे ते त्यालाही सांगता येणार नाही. ती नकोच.

महाशिवरात्रीची भांग आणि गांजा एकाच पदार्थापायी अडकतात. त्यावर स्पर्धेच्या काळात बंदी आहे. नेहमी घेणाऱ्याच्या लघवीत तो बरेच दिवस राहतो, म्हणून ‘सामन्याच्या दिवशी घेतली नव्हती’ म्हणून भागत नाही. स्पर्धेबाहेर घेतली होती आणि खेळाशी संबंध नव्हता हे दाखवता आलं तर बंदी तीन महिन्यांवर येते, व्यसनमुक्तीचा मान्य कार्यक्रम पूर्ण केला तर एका महिन्यावर. दारू यादीत नाही, तंबाखूही नाही. त्यांचं काय करायचं ते तुमच्या घरच्यांनी ठरवावं.

जिममधल्या डब्यांबद्दल थोडक्यात. साधं प्रोटीन प्रतिबंधित नाही. पण डब्यावर न लिहिलेलं स्टिरॉइड किंवा उत्तेजक आत सापडल्याची प्रकरणं जगभर झाली आहेत. एफएसएसएआयचा क्रमांक हा अन्न परवाना आहे, डोपिंगची हमी नाही. सुट्या पिशवीत बांधून दिलेली पावडर, ‘प्री-वर्कआउट’ आणि ‘डायना’ नावाने मिळणाऱ्या गोळ्या यांना हात लावू नका. ती डायना म्हणजे मेटँडिएनोन, नरसिंग यादव प्रकरणातला पदार्थ तोच. घ्यायचंच असेल तर तुकडीनिहाय (बॅचनिहाय) तपासणीचा शिक्का असलेला सीलबंद डबा घ्या, बिल ठेवा आणि तुकडी क्रमांकाचा फोटो काढा. माझं विचाराल तर शेंगदाणे, उकडलेली अंडी आणि दूध यांच्या पुढे जिल्हा पातळीवर कुणाला काही लागत नाही.

६. आजार खरा असेल तर सवलत मागा

मधुमेहाला इन्सुलिन लागतं आणि इन्सुलिन यादीत आहे. मग खेळायचं नाही का? खेळायचं. त्यासाठी टीयूई, म्हणजे उपचारासाठी वापराची सवलत असते. नाडाच्या संकेतस्थळावरून फॉर्म उतरवा. त्यातला वैद्यकीय भाग उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच भरायचा. निदान कसं झालं त्याचे रिपोर्ट आणि प्रतिबंध नसलेलं दुसरं औषध का चालत नाही याचं डॉक्टरांचं स्पष्टीकरण सोबत लागतं. फॉर्म अर्धवट असेल तर परत येतो. पूर्ण अर्जावर साधारण २१ दिवसांत निर्णय होतो, म्हणून स्पर्धेच्या ३० दिवस आधी पाठवा.

राष्ट्रीय पातळीच्या खाली खेळणाऱ्याला नमुना दिल्यानंतरही ही सवलत मागता येते. तातडीच्या उपचारातही तसंच. पण मागे जाऊन मागायची म्हणजे त्या वेळचे कागद हवेत. वर्षभरानंतर डॉक्टरांकडे जाऊन ‘तेव्हाची चिठ्ठी लिहून द्या’ म्हणालात तर ती खोटी चिठ्ठी होते, आणि त्याचा वेगळा गुन्हा लागतो.

७. पिशवीत काय ठेवायचं

- फोटो असलेलं ओळखपत्र, आधार किंवा संघटनेचं कार्ड
- गेल्या सात दिवसांत घेतलेल्या गोळ्या, सुया, काढे, पावडरी यांची घटकांसह यादी
- डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं, पाकिटांचे फोटो
- टीयूई असेल तर त्याची प्रत
- १८ वर्षांखालच्या खेळाडूसाठी सोबत येणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव आणि नंबर
- स्वतःचा चालू ईमेल आणि मोबाईल नंबर

शेवटची ओळ किरकोळ वाटेल. पण आपल्याकडे नोंदणीचा फॉर्म नेट कॅफेवाला भरतो आणि ईमेलच्या रकान्यात स्वतःचा किंवा आदल्या पोराचा पत्ता टाकून मोकळा होतो. नाडाची नोटीस त्याच पत्त्यावर जाते. उत्तराची मुदत निघून गेली की तुमचं काही म्हणणं नाही असं धरून निकाल लागू शकतो. फॉर्म स्वतः बसून भरा.

८. नमुना मागितला तर

सामना संपतो, तुम्ही घामाघूम, आणि गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस येऊन सांगतो, ‘तुमची डोपिंग तपासणीसाठी निवड झाली आहे.’ त्याचं ओळखपत्र पाहा, सही करा. या क्षणापासून तो तुम्हाला नजरेआड होऊ देणार नाही. बक्षीस समारंभ, दुसरा सामना, दुखापतीवर उपचार, ओळखपत्र आणणं यासाठी थोडा वेळ मागता येतो. परवानगीशिवाय आंघोळीला किंवा लघवीला जाऊ नका. पळालात तर नमुना नाकारल्याचा दोष लागतो, आणि त्याची शिक्षा स्टिरॉइड सापडल्याइतकीच असते.

आमच्या पोराची खोली म्हणजे शाळेतला एक वर्ग होता. फळ्यावर आदल्या तासाचं गणित तसंच. टेबलावर सीलबंद पाण्याच्या बाटल्या, कोपऱ्यात थर्मोकोलचे डबे. पोरगा सतरा वर्षांचा होता, म्हणून मी सोबत. त्याने सामना संपल्या संपल्या दोन बाटल्या घटाघटा रिचवल्या, तरी लघवी होईना. ‘सर, येतच नाय, काय करू?’ कुणी घाई करत नाही, बसून राहायचं. पण घाबरून पाणी ढोसू नका, कारण लघवी फार पातळ झाली तर ती चालत नाही आणि नमुना पुन्हा द्यावा लागतो. नेमकं तेच झालं. पहिला नमुना पातळ निघाला आणि आम्ही रात्री उशिरापर्यंत तिथेच. बाकीचा संघ जीपमध्ये बसून हॉर्न वाजवत होता.

प्रक्रिया अशी असते. सीलबंद भांड्यांतून एक तुम्ही निवडायचं. साबण न लावता पाण्याने हात धुवायचे. मुलाबरोबर पुरुष आणि मुलीबरोबर महिला साक्षीदार असते आणि त्या साक्षीदाराला लघवी थेट दिसायला हवी. हे अवघड वाटतं, पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. खेळाडू अल्पवयीन असेल तर सोबतचा माणूस साक्षीदारावर लक्ष ठेवू शकतो. किमान ९० मिली लागते. कमी पडली तर आहे ती सील करून ठेवतात आणि उरलेल्यासाठी थांबायचं. मग बाटल्यांचा संच निवडायचा आणि डबा, बाटल्या, झाकणं यांवरचा क्रमांक एकच आहे ना हे स्वतः वाचून बघायचं. ओतायचंही तुम्हीच, बी बाटलीत किमान ३० मिली आणि बाकी ए मध्ये. झाकण कट-कट आवाज करत घट्ट बसतं, नंतर ते हाताने उघडत नाही. पूर्ण होईपर्यंत भांडं कुणाच्या हातात देऊ नका.

शेवटी फॉर्म. सात दिवसांतली औषधं इथे लिहायची. ‘लिहिलं तर पकडतील’ म्हणून पोरं लपवतात. उलट लिहिलेलं असेल तर पुढे आपल्या बाजूने बोलायला काहीतरी राहतं. शेरा लिहायला जागा असते. खोलीत कुणी आगंतुक आला, क्रमांक जुळला नाही, भांड्याचं सील सैल होतं, जे असेल ते तिथे लिहा आणि मगच सही करा. तक्रार असली तरी नमुना द्यायचाच. बजरंग पुनिया यांनी मार्च २०२४ मध्ये सोनीपतला निवड चाचणीच्या वेळी नमुना दिला नाही. किटच्या मुदतीबद्दल आपला आक्षेप होता असं त्यांचं म्हणणं. नाडाच्या समितीने नोव्हेंबर २०२४ मध्ये चार वर्षांची बंदी घातली. ऑलिंपिक पदकविजेत्याला जे चाललं नाही ते तालुक्याच्या चढाईपटूला चालणार नाही.

फॉर्मची प्रत मागून घ्या आणि सांभाळा. प्रयोगशाळेला नाव जात नाही, फक्त क्रमांक जातो. नमुना दहा वर्षांपर्यंत पुन्हा तपासता येतो.

९. नोटीस आली तर

आधी मुदत वाचा. काही पदार्थांसाठी लगेच तात्पुरतं निलंबन असतं, तेव्हा त्या दिवसापासून खेळणं थांबवा. बी नमुना, म्हणजे दुसरी बाटली, उघडायची मागणी करता येते आणि त्या वेळी हजरही राहता येतं. त्यानंतर शिस्तपालन समितीसमोर सुनावणी आणि तिच्या निर्णयावर अपील समिती. सगळी कागदपत्रं, बिलं, पाकिटांचे फोटो एका फाइलमध्ये तारीखवार लावा. शिल्लक औषध फेकू नका, उरलेली बाटली हाच पुरावा असतो.

चार वर्षांच्या प्रकरणात आरोपपत्र मिळाल्यापासून २० दिवसांत दोष कबूल करून शिक्षा मान्य केली तर एक वर्ष कमी होतं. खरंच घेतलं असेल तर हा रस्ता धरा. घेतलं नसेल तर कुणाच्या सांगण्यावरून कबुली लिहून देऊ नका. ‘वर ओळख आहे, मिटवून टाकतो’ म्हणणारा कुणी ना कुणी फोन करतोच. पैसे जातात आणि मुदतही.

१०. लीग चालवणाऱ्या मंडळांसाठी

तुमची लीग छोटी आणि असंलग्न असली तरी नियम लेखी करा. प्रवेश फॉर्मवर एक ओळ पुरे: प्रतिबंधित पदार्थांबाबत नाडाचे नियम मान्य, आणि सध्या कोणतीही बंदी चालू नाही. बंदी असलेला खेळाडू किंवा प्रशिक्षक बाकावर बसवू नका. बंदी असलेल्या प्रशिक्षकाकडून सराव घेणं हाही खेळाडूवर दोष ठरू शकतो. औषध पुरवणाऱ्याला किंवा टोचणाऱ्याला खेळाडूपेक्षा कडक शिक्षा आहे, चार वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंत. संघाच्या मालिशवाल्याला हे एकदा समोर बसवून सांगा.

मेडिकलमधून लघवी तपासायच्या पट्ट्या आणून स्वतःच तपासणी करायचा उत्साह काही मंडळांना येतो. तो आवरा. अशा पट्टीवर कुणाला दोषी ठरवता येत नाही, गावात मात्र पोराचं नाव कायमचं खराब होतं. संशय असेल तर नाडाला कळवा.

मैदानावरच्या डॉक्टरांना स्पर्धेआधी यादी द्या. प्रथमोपचाराच्या पेटीतून डेक्सा आणि ट्रामाडॉल काढून ठेवायला सांगा, ओआरएसची पाकिटं आणि बर्फ भरपूर ठेवा. स्वच्छतागृहात सिरिंज सापडल्या तर झाडून टाकू नका, फोटो काढून तारखेसह नोंद करा. आणि यादी दर जानेवारीत बदलते, म्हणून गेल्या हंगामातली छापील प्रत फलकावरून काढून नवी लावा.